कंपवात, फुगडी आणि मोठ्या जाऊबाई

आजारपणाने माणूस समजूतदार होतो, क्षमा करायला शिकतो, असं आजारातून उठलेले लोक लिहितात. माझं तसं काही झालं नाही. मला कंपवात झाला आणि मी होते त्याहून जास्त खुनशी झाले. आज मी ताठ उभी राहते, चहा बशीत न सांडता पिते, संध्याकाळी पेठेतून एक चक्कर मारून येते. त्याचं निम्मं श्रेय गोळ्यांना आहे आणि उरलेलं निम्मं माझ्या मोठ्या जाऊबाईंना. त्यांचा सूड घ्यायचा नसता तर मी केव्हाच खुर्चीत बसले असते आणि बसल्या बसल्या संपले असते.

हे लिहितेय ते ज्यांचा हात नुकताच कापायला लागलाय त्यांच्यासाठी. औषधांची नावं सांगणार नाही, ती डॉक्टरांना विचारा. मी नाचाबद्दल सांगणार आहे आणि रागाबद्दल, कारण माझ्या बाबतीत हे दोन्ही एकत्रच लागू पडलं.

अष्टमीची संध्याकाळ

मी सुनंदा. वय सदुसष्ट, माहेर वाईचं, सासर साताऱ्याचं. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून झाली. साताऱ्याहून कोयनानगरला बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे, त्या काळातली मी. ती लाइन इतकी खराब की आवाज घाटातच कुठेतरी अडकून बसायचा. मग मी अशी हाक मारायची की पलीकडच्या टेबलावरचा क्लार्क दचकायचा.

आमच्या घरात खाली आम्ही राहतो आणि वरच्या मजल्यावर मोठे दीर आणि शालिनीवहिनी. माझ्या सासूबाई लवकर गेल्या. तेव्हा माझे यजमान शाळेत होते, त्यांना वहिनींनीच वाढवलं. त्यामुळे ह्यांना वहिनी म्हणजे आई. वहिनींनी दिवसाला रात्र म्हटलं तर हे दिवा लावायला उठतील. पेठेतल्या आम्हा बायकांचा मंगळागौरीचे खेळ करणारा एक गट आहे, त्याच्याही प्रमुख वहिनीच. श्रावणात नव्या नवरीच्या घरी जायचं, नऊवारी नेसून झिम्मा, फुगडी, पिंगा खेळायचा. पूर्वी रात्र जागवायचे. हल्ली दुपारी चारला सुरू आणि सातला पावभाजी. वहिनी सत्तरी ओलांडलेल्या, पण फुगडीत त्यांना हरवणारी बाई पेठेत नव्हती.

आमच्यात आश्विनातल्या अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा केलेली देवी उभी असते. बायका उदाच्या धुरावर धरलेली घागर तोंडाशी नेऊन फुंकतात आणि फुंकता फुंकता नाचतात. त्यात एखादीच्या अंगात येतं. मग सगळ्याजणी तिला हळदकुंकू लावतात, प्रश्न विचारतात.

त्या वर्षी मी घागर फुंकून खाली ठेवली आणि माझा उजवा हात थरथरायला लागला. खरं तर तो गेले कित्येक महिने मधूनमधून थरथरत होता आणि मी तो पदराखाली लपवत होते. त्या दिवशी लपवायला वेळ मिळाला नाही. गर्दी, धूर, मनातली धास्ती, त्याने तो जास्तच चेकाळला. कोणीतरी ओरडलं, "आली गं, आली!"

कपाळभर मळवट भरला गेला. आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांना बाजूला सारून, वहिनी पुढे आल्या आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, माझ्या निखिलचं लग्न कधी ठरेल?" निखिल म्हणजे त्यांचा पुण्यातला नातू.

माझ्या मोठ्या जाऊबाई माझ्या पायांवर. मी घाबरून गेले. 'उठा वहिनी' एवढंच म्हणायचं होतं मला. ओठ हलले, पण आवाज बाहेरच पडला नाही. तो आवाज आधीपासूनच खोल जात होता आणि ह्यांनी मला दोनदा "पुटपुटू नकोस गं" म्हणून टोकलंही होतं. हात तेवढा वरखाली होत राहिला. वहिनींनी तोच देवीचा कौल धरला आणि डोळे पुसत उठल्या.

हे दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सांगलीला आमच्या मुलीला, मुग्धाला फोन केला.

निदान

सांगलीचे नसांचे डॉक्टर शांत गृहस्थ होते. त्यांनी मला बोटांनी चुटक्या वाजवायला सांगितल्या. डाव्या हाताने वाजल्या, उजव्याची बोटं दोनदा उघडून थकली. कागदावर एक ओळ लिहायला सांगितली. ओळ सुरुवातीला माझी होती, शेवटाला मुंगीची झाली. मग दवाखान्यातल्या बोळातून चालत जाऊन परत यायला सांगितलं. मी परत फिरताना जिथल्या तिथे टुकूटुकू पावलं टाकत राहिले.

मी त्यांना अष्टमीचं सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते म्हणाले, "हा कंपवात आहे. हा बरा होत नाही, पण याच्याबरोबर पुष्कळ वर्षं चांगलं जगता येतं. दोन गोष्टी करा. गोळी वेळेवर घ्या आणि बसून राहू नका."

मला रडू आलं नाही. हे म्हणाले, "मी गाडी काढतो," आणि बाहेर गेले. मुग्धाने मला कोपऱ्यावरून भडंगाची पुडी आणून दिली, जणू मी शाळेतून आलेय. ती पुडी मी साताऱ्यापर्यंत मांडीवर धरून बसले. घरी पोचलो तर शेजारच्या काकू फाटकातच उभ्या. "काय हो हे सुनंदाताई, कंपवात म्हणे!"

गाडी काढायला गेलेल्या ह्यांनी पहिला फोन वहिनींना केला होता. "त्यांना नको का सांगायला?" असं मलाच विचारलं वर.

वहिनी खाली आल्या नाहीत. त्या दिवशीही नाही आणि त्या आठवड्यातही नाही. त्यांचं दुःख वेगळंच होतं. देवी म्हणून ज्या पायांवर डोकं ठेवलं ते धाकट्या जावेचे निघाले आणि अंगात आलेली देवी म्हणजे आजार निघाला. तेही सगळ्या पेठेसमोर! वहिनींच्या जन्मात इतकी फजिती कधी झाली नव्हती. त्यांनी त्यावर तोडगा काढला. गटातल्या एकेकीला फोन करून सांगितलं की सुनंदाला सगळं माहीत होतं, मला पायांवर डोकं ठेवायला लावायचं म्हणून तिने मुद्दाम नाटक केलं.

खुर्ची

दिवाळीनंतर गटाची तालीम सुरू झाली तेव्हा मी गेले. देवळामागच्या हॉलमध्ये सगळ्या जमल्या होत्या. मी चप्पल काढून माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले. झिम्म्याची पहिली टाळी माझी असायची.

वहिनींनी कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची स्वतः उचलून आणली आणि माझ्यामागे ठेवली.

"सुनंदा, तू आता बस. तुझा हात तसाही एकटाच झिम्मा खेळतोय."

सगळ्या हसल्या. काही जणी तोंडावर पदर धरून हसल्या, ते मला जास्त लागलं. मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच ऐकू आलं नाही. आणि मी बसले. का बसले कोण जाणे, पण बसले. तालीम संपेपर्यंत त्या खुर्चीत बसून मी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे पेपरची घडी घालत म्हणाले, "त्यांना काळजी वाटते तुझी. पडशील म्हणून म्हणाल्या असतील." मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. ह्यांना कळलंही नाही, कारण तसंही माझं बोलणं ऐकू येत नव्हतं.

पुढचे महिने वाईट होते. ते फार रंगवून सांगत नाही. ब्लाउजचे हूक लागेनात. पोळी तव्यावर घडी व्हायला लागली. झोपेत कूस बदलायला ह्यांना उठवावं लागे. आणि पाय अडकायला लागले. सरळ चालताना ठीक, पण दार आलं की पाय जमिनीला खिळायचे. स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी माप ओलांडायला आलेल्या नवरीसारखी उभी राहायची आणि आत कुकर शिट्ट्या मारत बसायचा. भीती वाटायची. पडण्याची होतीच, पण त्याहून जास्त वहिनींचं खरं ठरण्याची.

काही गोष्टींनी तारलं. हे माझ्या साडीच्या निऱ्या घालायला शिकले. पहिल्यांदा घातल्या तेव्हा पडदा लावल्यासारखं दिसत होतं, मी मनापासून हसले. शेजारच्या काकू मला कप नेहमी अर्धाच भरून द्यायला लागल्या आणि त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

मग मुग्धा एक दिवस आली, माझी बॅग भरली आणि मला सांगलीला घेऊन गेली. तिचं घर माधवनगरच्या रस्त्याला आहे. तिथून जवळच्या एका दवाखान्यात वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा नाचाचा तास चालतो, असं तिला कळलं होतं.

ढोलाला सांगा

नाचाचा तास म्हटल्यावर मी नाक मुरडलं होतं. सकाळी साडेनऊला हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या असत. खेळाचे बूट घातलेली एक फिजिओथेरपिस्ट मुलगी, आम्ही तिला डॉक्टर मुलगीच म्हणायचो, गाणी लावायची. आधी बसून टाळ्या आणि पाय, मग खुर्चीला धरून, मग सोडून. शेवटी मोठ्याने बोलण्याचा व्यायाम. "तुम्हाला वाटेल आपण ओरडतोय. पण बाहेर तेवढंच बोलणं ऐकू येतं. लाजू नका," असं ती सांगायची.

पहिल्या दिवशी हॉलच्या दारातच माझे पाय अडकले. माझ्या शेजारी एक उंच, वाळका, फेटा बांधलेला म्हातारा उभा होता.

"तुमी व्हा म्होरं, ताई," तो म्हणाला.

"नाही, तुम्ही व्हा."

"आवं बायामानसं आदी."

दोघेही जागचे हललो नाही. थोड्या वेळाने माझ्या ध्यानात आलं की हा शिष्टाचार नाही, त्याचेही पाय अडकलेत. त्याच वेळी त्याच्याही ध्यानात आलं. तो तोंड उघडून हसला. मग त्याने दाराच्या चौकटीवर तळव्याने ढोलाचा ठेका धरला, धाडकन एक पाऊल उचललं आणि आत गेला. आतून वळून मला म्हणाला, "पायाला सांगू नका, ताई. पाय बहिरं झाल्यात. ढोलाला सांगा."

मला ढोल कुठला येतोय. मी झिम्म्याची टाळी वाजवली. एक टाळी, दुसरी टाळी, आणि तिसरीला पाऊल आपोआप उंबऱ्यापलीकडे पडलं. तो क्षण अजून आठवतो. माझे पाय मेले नव्हते. त्यांना फक्त ठेका लागत होता.

डॉक्टर मुलीला हे नवीन नव्हतं. ती म्हणाली, ठेका ऐकला की मेंदू दुसऱ्या वाटेने पायांपर्यंत पोचतो, म्हणूनच हा तास नाचाचा आहे. मला कारणाशी देणंघेणं नव्हतं. मी त्या दिवशी मुग्धाच्या घरातली सगळी दारं टाळ्या वाजवत ओलांडली.

त्या म्हाताऱ्यांचं नाव धुळाप्पा, आम्ही तात्या म्हणायचो. जतकडचे धनगर, उपचारापुरते सांगलीत राहिलेले. आयुष्य मेंढरांमागे गेलं, आता थोडी शेती. त्यांच्याकडे बिरोबाच्या जत्रेत गजी असते. पुरुष हातात रुमाल घेऊन ढोलाभोवती गोल धरून नाचतात. ढोलापुढची पहिली जागा तात्यांची होती. कंपवात झाल्यावर त्यांच्या चुलतभावाने ती घेतली.

"गावापुढं म्हणला, धुळाप्पाचं हातपाय हालत्यात लय, पर ढोलावर न्हाईत," तात्या म्हणाले. "समदी हासली. माजी बायकोबी हासली, ताई."

मी त्यांना खुर्चीचं सांगितलं. एकटाच झिम्मा खेळणाऱ्या हाताचंही सांगितलं. आजवर हे शब्द मी मुग्धालाही सांगितले नव्हते.

तात्यांनी मान हलवली. "तुमची जाऊ, माजा भाऊ. मंग बसलाय कशाला? उठा की."

त्या दिवसापासून आम्ही तासाला कधी चुकलो नाही. बाकीचे लोक मुलांनी आणलं म्हणून यायचे, कंटाळून अर्ध्यावर चहाला पळायचे. आम्ही दोघे दात खाऊन नाचायचो. डॉक्टर मुलगी आमच्याकडे बोट दाखवून इतरांना सांगायची, "बघा यांची जिद्द!" एकदा तिने विचारलं, तुम्ही दोघं एवढं काय कुजबुजता? मी म्हटलं, "देवाधर्माचं." खरं तर तेव्हा तात्या मला सांगत होते की जत्रेच्या दिवशी चुलतभावाला कुठून बघायला उभा करायचा.

आवाजाच्या व्यायामाला सगळे एक, दोन, तीन म्हणत. मला त्यात गंमत येईना. मग मी डोळे मिटून हेडफोन लावल्याची कल्पना केली आणि हाक मारली, "हॅलो, कोयनानगर! कोयनानगर, बोला!" पहिल्या आठवड्यात कोयनानगरला काही ऐकू गेलं नसेल. पण वैशाखात खालच्या मजल्यावरचा रखवालदार वर आला आणि म्हणाला, "बाई, कोण पेशंट हाय का कोयनानगरचा?"

नाचाने काय दिलं ते सांगते. गोळी तीच होती, तेवढीच होती. पण मी रात्री आपली आपण कूस बदलायला लागले. हूक लागायला लागले. वळताना पाय एकमेकांत अडकेनासे झाले. झोप लागायला लागली, पोट साफ व्हायला लागलं. म्हाताऱ्या माणसाला या दोन गोष्टींची किंमत विचारा. आणि सकाळी उठल्यावर जायला एक जागा होती, जिथे सगळ्यांचेच हात कापत होते आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. हात अजून थरथरतो आणि पुढेही थरथरेल. आजार गेला नाही. पण त्याने माझ्याकडून जे भराभर ओढून न्यायला घेतलं होतं, त्यातलं पुष्कळ मी परत आणलं.

बेत

माझा बेत साधा होता. आमच्या गटात नियम आहे की फुगडीसाठी कोणी समोर येऊन हात पुढे केले तर नाही म्हणायचं नसतं. आणि जी आधी 'पुरे' म्हणेल ती हरली. वहिनी आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या. मी त्यांना सगळ्यांसमोर फुगडीला घेणार होते. जोरात फिरवणार होते. आणि वेग चढला की हात सोडून देणार होते.

हो, सोडून देणार होते. फुगडी माहीत असणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. दोघी मागे रेललेल्या असतात, एकीचा भार दुसरीच्या हातात असतो. हात सुटला की माणूस पाठीवर आपटतं. रात्री झोप येईपर्यंत मी तो सुटणारा हात मनात बघायची आणि मला छान झोप लागायची.

तात्यांना सांगितलं तर ते विचारात पडले. "सोडू नका, ताई. पडली तर लोकं तिच्या बाजूची व्हत्याल. फिरवा. हात जोडंपतूर फिरवा."

सल्ला चांगला होता. मला पटला नाही.

डॉक्टर मुलगी फुगडीला सरळ नाही म्हणाली. तोलाचा आजार आणि फुगडी? मग मुग्धाने गच्चीवर गाद्या घातल्या, कमरेला ओढणी बांधून तिच्या नवऱ्याला मागे उभं केलं आणि आम्ही हळूहळू सुरुवात केली. डॉक्टर मुलीने येऊन बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "गोळी भरात असताना, दोनच फेरे, आणि शेजारी माणूस हवा." माझं वाचून कोणी फुगडी घालू नका. झिम्मा घाला, टाळ्या वाजवा, खुर्चीला धरून नाचा. तुमच्या जाऊबाई चांगल्या असतील तर तेवढं पुरे आहे.

जत्रा झाल्यावर तात्यांचा फोन आला. मागे माणसांचा कालवा.

"ताई, नाचलो! ढोलाम्होरं नाचलो!"

"आणि चुलतभाऊ?"

"त्यो दमून बाजूला झाला. म्या म्हणलं, गड्या, खुर्ची आणू का?"

मला इतका आनंद झाला की मुग्धाच्या स्वयंपाकघरात मी एकटीने गिरकी घेतली.

श्रावण

निखिलचं लग्न खरंच ठरलं आणि झालंही. वहिनींच्या मते ते त्यांच्या नवसाने झालं, अष्टमीचा विषय घरात काढायची बंदी होती. नातसून ईशा, गोड मुलगी. तिची पहिली मंगळागौर पेठेतल्या कार्यालयात ठरली. व्याही, विहिणी, आमचा सगळा गट. मी महिनाभर आधी साताऱ्याला परतले होते, पण वहिनींसमोर मुद्दाम हळू चालायची. वहिनींनी ह्यांच्याकडून निरोप पाठवला, "सुनंदाला म्हणावं, तुझ्यासाठी पंख्याखाली खुर्ची ठेवलीय."

गोळी घेतल्यावर तासाभराने माझं अंग सगळ्यात मोकळं असतं. गोळीची वेळ हलवायची नाही असा डॉक्टरांचा दम होता. म्हणून मी मंगळागौर हलवली. ईशाला जवळ घेऊन म्हटलं, "बाळा, आधी सगळ्यांचं चहापाणी उरकून घे, म्हणजे खेळात खंड पडत नाही." तिला ते फार पटलं.

ह्यांनी माझी नऊवारी नेसवली. या वेळी निऱ्या बऱ्या आल्या होत्या. खाली बसून काष्टा खोचताना हे एकदम म्हणाले, "सुनंदा, त्या दिवशी फोन मी आधी करायला नको होता." मी म्हटलं, "काष्टा घट्ट खोचा."

कार्यालयातल्या त्या खुर्चीवर उशी होती. वहिनींनी मला हाताला धरून बसवलं आणि विहिणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हिला कोणी आग्रह करू नका गं. बघण्यातच तिचा आनंद." मी हसले. झिम्मा झाला, पिंगा झाला. मी टाळ्या वाजवत राहिले आणि अंग मोकळं होत गेल्याचं मला जाणवत राहिलं. मग फुगड्या सुरू झाल्या. वहिनींनी दोघींना हरवलं आणि कमरेवर हात ठेवून रिंगणात उभ्या राहिल्या. "आहे का कोणी?"

मी उठले. एक टाळी, दुसरी टाळी, पाऊल. टाळी, टाळी, पाऊल. मी सरळ रिंगणातून चालत गेले, वहिनींसमोर उभी राहिले आणि हातांची अढी घालून पुढे केले. मुग्धा गुपचूप माझ्यामागे येऊन उभी राहिली.

वहिनी हळूच म्हणाल्या, "अगं, झेपेल का तुला?"

"तुम्हाला?" मी तेवढ्याच हळू विचारलं.

विहिणी बघत होत्या. पुढे आलेले हात नाकारायचे कसे? वहिनींनी माझे हात धरले. उजवा हात थरथरत होता. त्यांच्या मुठीत जाऊन तो थांबला.

पहिला फेरा सावकाश गेला. पावलाला पाऊल, तोंडाने फू, फू. मग मी वेग वाढवला. भिंती, साड्या, नथी, सगळं एकमेकांत मिसळलं आणि मध्ये फक्त वहिनींचा चेहरा स्थिर राहिला. दोन फेरे केव्हाच संपले होते. त्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू होतं, मग आश्चर्य आलं, मग भीती आली. खरं सांगते, ती भीती मला पेढ्यासारखी लागली.

"पुरे गं," त्या म्हणाल्या.

मला ऐकू आलं नाही. वर्षभर माझं कोणाला ऐकू येत नव्हतं, तसंच.

"पुरे, सुनंदा, पुरे!" या वेळी सगळ्या हॉलने ऐकलं. आणि त्याच वेळी त्यांचा पाय नऊवारीच्या काठावर पडून घसरला.

त्यांचा सगळा भार माझ्या दोन हातांवर आला. हाच तो क्षण होता, कितीतरी रात्री बघितलेला. मी बोटांना सांगितलं, उघडा.

बोटं उघडली नाहीत.

या आजारात ताठा येतो. धरलेली वस्तू पटकन सुटत नाही. आमटीचा डाव हातात राहतो, दाराची कडी हातात राहते. तो ताठा त्या क्षणी आला की दुसरं काही झालं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी सांगत राहिले आणि मुठी आवळलेल्याच राहिल्या. फेरा मंदावला, मुग्धाने मला मागून कमरेला धरलं. वहिनी पडल्या नाहीत. माझ्या हातांना लोंबकळत गुडघ्यांवर आल्या आणि माझ्या पायांपाशी टेकल्या.

"सुनंदानं धरलं! वाचवलं गं बाई सुनंदानं!" बायका ओरडत होत्या. ईशा रडायला लागली. वहिनींना धाप लागली होती, मान खाली, कपाळ जवळजवळ माझ्या पावलांना टेकलेलं. "सोडलं नाहीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, सोडशील."

तेव्हापासून त्या रोज खाली येतात. माझ्यासाठी भाजी चिरतात, झिम्म्याची पहिली टाळी मला देतात आणि पेठेत ज्याला त्याला सांगतात की सुनंदाने माझा जीव वाचवला. मी एकदाही त्यांना थांबवलं नाही. माझ्या बेतात होता त्याहून हा सूड मोठा निघाला, कारण हा रोज सकाळी वाटीत चिरलेली भेंडी घेऊन येतो. आता हे छापून आल्यावर वहिनी वाचतील, आणि त्यांना खरं कळेल. कळू दे. भेंडीचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

पण त्या दिवशी त्या माझ्या पायांशी होत्या आणि सगळ्याजणी बघत होत्या, अष्टमीला बघत होत्या तशाच. तेव्हा माझे ओठ नुसते हलले होते. या वेळी मी छाती भरून श्वास घेतला आणि कोयनानगरला ऐकू जाईल असं म्हणाले:

"उठा वहिनी. आज अंगात कोणी आलेलं नाही. मीच आहे."